पाच हजारांत तीस वर्षं

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या टेरेसवर एक विषय हमखास निघतो. हे सगळं सोडून कुठंतरी समुद्रकाठी जाऊन राहायचं. कोणाला बाली हवी असते, कोणाला अंदमान. मग एक जण मोबाईल काढून हिशेबच मांडतो. खोलीचं भाडं एवढं, नारळ फुकट, मासे आपले आपण पकडू, कपडे तर दोनच लागतात. हिशेब नेहमी जमतो. रात्री दोन वाजता असे सगळेच हिशेब जमतात.

अगदी हाच हिशेब १८९० साली फ्रान्समधल्या एका बेचाळीस वर्षांच्या माणसाने केला होता. नाव पॉल गोगँ. चित्रकार, पाच मुलांचा बाप, खिसा रिकामा. ओदिलों रदों हा चित्रकार त्याचा मित्र. रदोंची बायको मूळची हिंद महासागरातल्या रेयुनियों बेटावरची, तिला मादागास्कर चांगलं ठाऊक. तिच्याकडून त्याला कळलं, की पाच हजार फ्रँक जवळ असतील तर मादागास्करमध्ये माणूस तीस वर्षं राहू शकतो. हा आकडा गोगँच्या डोक्यात घट्ट बसला. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत तो उतरला. पुढे मादागास्कर मागे पडून ताहितीचं नाव पुढे आलं, पण पाच हजारांत तीस वर्षं हे गणित तसंच राहिलं.

तुम्हीही भागाकार करून बघा. महिन्याला जेमतेम चौदा फ्रँक येतात. हा चौदाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोगँ हिशेबात कच्चा होता म्हणावं, तर तसंही नाही. तो शेअर बाजारातला माणूस! जन्म १८४८ चा, पॅरिसमधला. तो लहान असतानाच आईवडील पेरू देशाला निघाले आणि वडील वाटेतच वारले. आई मुलांना घेऊन लिमाला पोचली, तिथल्या श्रीमंत नातेवाइकाच्या वाड्यात राहिली. उबदार हवा, नोकरचाकर, न मागता समोर येणारं ताट. पॉलची पहिली सहा-सात वर्षं अशी गेली. उष्ण प्रदेशात खाणं आपोआप मिळतं, हा समज कदाचित तिथेच रुजला असेल. ताटाचे पैसे कोणीतरी दुसरंच भरत होतं, हे त्या वयात कुठल्या मुलाला कळतं?

पुढे तो खलाशी झाला, नौदलात राहिला आणि मग पालकांच्या ओळखीने पॅरिसच्या दलालाकडे नोकरीला लागला. तिथे मात्र त्याचं नशीब फळफळलं. १८७९ च्या सुमारास तो वर्षाला तीस हजार फ्रँक कमवत होता. मेत गाद या डॅनिश मुलीशी लग्न झालं होतं, घर होतं, रविवारी चित्रं काढायचा छंद होता, आणि पिसारो, सेझान अशांची चित्रं विकत घेण्याइतका पैसाही होता. १८८२ साली फ्रान्सचा शेअर बाजार कोसळला. पुढच्या वर्षी नोकरी सुटली, आणि आता फक्त चित्रंच काढायची असं त्याने ठरवलं.

इथून पुढे त्याच्या आयुष्याचा नकाशा काढला, तर प्रत्येक मुक्कामामागे एकच कारण दिसतं. तिथे राहणं स्वस्त पडेल! पॅरिस परवडेना म्हणून रुआँ शहर. रुआँ परवडेना म्हणून बायकोचं माहेर, कोपनहेगन. तिथे ताडपत्री विकायची एजन्सी घेतली. डॅनिश भाषा येत नसताना ताडपत्री विकायला निघणं म्हणजे काय, हे मार्केटिंगची इंटर्नशिप केलेल्यांना सांगायला नको. मेत फ्रेंचच्या शिकवण्या आणि भाषांतरं करून घर चालवू लागली. १८८५ साली गोगँ एका मुलाला, क्लोव्हिसला, घेऊन पॅरिसला परतला. त्या हिवाळ्यात मुलगा आजारी पडला, तेव्हा त्याने रेल्वे स्टेशनांवर पोस्टर चिकटवायचं काम धरलं. दिवसाला पाच फ्रँक. हा दुसरा आकडा. हाही लक्षात असू द्या.

मग ब्रिटनी प्रांतातलं पोंताव्हेन. तिथली खानावळ चित्रकारांना उधारीवर ठेवून घ्यायची. १८८७ मध्ये पहिल्यांदा उष्ण बेटाचा नाद लागला. पनामाजवळ ताबोगा नावाचं बेट आहे. तिथे वस्ती नाही, जमीन पडीक, मासे आणि फळं फुकट, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. प्रत्यक्ष पोचला तेव्हा पनामा कालव्याचं खोदकाम जोरात सुरू होतं आणि जमिनीचे भाव आकाशाला भिडले होते. मीटरभर जागेला सहा फ्रँक मागायला लागले लोक. महामार्ग येणार म्हटल्यावर आपल्याकडे गुंठ्याचं जे होतं, तेच. फुकट बेटावर राहायला आलेला हा माणूस कालव्यावर मजुरी करू लागला. पुढे मार्तिनिक बेटावर एका झोपडीत काही महिने काढले. चित्रं सुंदर झाली, पण हिवताप आणि आमांशाने पार खंगला आणि जहाजावर खलाशाचं काम करून कसाबसा घरी पोचला.

एवढं झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. गोगँने यातून उलटाच धडा घेतला. बेट चुकलं, कल्पना नाही!

१८८९ चं पॅरिसचं जागतिक प्रदर्शन आपल्याला आयफेल टॉवरमुळे माहीत असतं. त्याच प्रदर्शनात फ्रान्सने आपल्या वसाहतींचे देखावे उभे केले होते आणि वसाहतींत जाऊन स्थायिक व्हा, असा प्रचार चालवला होता. त्यातल्या सरकारी पुस्तिकेत ताहितीचं वर्णन असं होतं, की तिथल्या माणसाला कष्ट ठाऊकच नाहीत. जोडीला पिएर लोती या नौदल अधिकाऱ्याची ताहितीवरची लोकप्रिय कादंबरी होती. आजच्या ट्रॅव्हल रील्सचं काम तेव्हा पुस्तिका आणि कादंबऱ्या करत होत्या, इतकाच फरक. रील बनवणाऱ्याचं हॉटेल कोणीतरी स्पॉन्सर केलेलं असतं, आणि लोतीला नौदलाचा पगार होता.

२३ फेब्रुवारी १८९१ रोजी गोगँने आपली तीस चित्रं पॅरिसमध्ये लिलावात काढली. साडेनऊ हजार फ्रँकच्या वर बोली गेली. सरकारकडून चित्रं काढण्याची बिनपगारी मोहीम मिळवली, त्यामुळे जहाजाच्या भाड्यात सूट मिळाली. मार्चमध्ये तो कोपनहेगनला जाऊन बायकामुलांना भेटून आला. पैसा आला की सगळे पुन्हा एकत्र राहू, असा वायदा होता. एक एप्रिलला मार्सेयहून जहाज सुटलं. ती मुलांशी त्याची शेवटची भेट ठरली.

नऊ जूनला, दोन महिन्यांहून जास्त प्रवास करून, तो ताहितीची राजधानी पापीतेला उतरला आणि त्याच्या गणितातली पहिली ओळ कोसळली.

पापीते म्हणजे झावळ्यांच्या झोपड्यांचं गाव नव्हतंच. बेट १८८० पासून फ्रान्सच्या ताब्यात होतं. पत्र्याची छपरं, सरकारी कचेऱ्या, मिशनऱ्यांनी बायकांना घालायला लावलेले गळ्यापासून घोट्यापर्यंतचे झगे. गावातले गोरे लोक सरकारी पगारावर जगत आणि पीठ, वारुणी, लोणी, कापड, कागद सगळं जहाजाने येई. हजारो मैलांचं भाडं, जकात आणि मधल्या व्यापाऱ्यांचा नफा चढला, की युरोपात साधी असलेली वस्तू इथे चैनीची होऊन जाई. त्यात गोगँ आला होता सरकारी पत्र घेऊन. मग कपडे हवेत, क्लबमध्ये उठबस हवी. श्रीमंतांची पोर्ट्रेट्स काढून पैसे मिळतील अशी त्याची आशा होती. सुझान बांब्रिज या बाईंचं पोर्ट्रेट त्याने २०० फ्रँकला काढलं. त्याने ते अगदी जसं दिसलं तसं काढलं आणि बाईंना ते मुळीच आवडलं नाही. गाव छोटं. पुढची ऑर्डर आली नाही.

शहर महाग, तर खेड्यात जाऊ. सुमारे ४५ किलोमीटरवर मातायेआ नावाच्या गावात त्याने बांबूची झोपडी भाड्याने घेतली. पुढ्यात खाडीचं निळं पाणी, मागे डोंगर. स्वप्नातलं बेट सापडलं! फक्त जेवण कुठे मिळेल, ते सापडेना.

गावात बाजार नव्हता. का असेल? प्रत्येक घराला स्वतःची जमीन होती, विलायती फणसाची झाडं होती, डुकरं होती. रानकेळीचे घड आणायला पुरुष डोंगरात चढत आणि काठीला बांधून खांद्यावर खाली आणत. प्रवाळाच्या खडकांत मासे कुठे, कधी आणि कशाने मिळतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. विकत कोणी घेतच नव्हतं, तर विकणार कोण? कोकणातल्या आडगावात जाऊन फणस विकत मागून बघा. माणसं गोंधळतात. ओळख असेल तर तो दारात आणून टाकतील, नसेल तर किंमत कशी सांगायची हेच त्यांना कळत नाही.

गोगँला मासेमारी येत नव्हती. डोंगर चढवत नव्हता. भाषा मोडकीतोडकी. राहता राहिलं गावातल्या चिनी माणसाचं दुकान. तिथे डबाबंद मांस होतं, मॅकरोनी होती, तांदूळ होते, आणि किमती पापीतेच्याही वर. सुपीक बेटावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून हा गडी डब्यातलं बीफ खात होता. त्याने स्वतःच पुढे एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एकदा तो उपाशी बसला होता. शेजारच्यांनी जेवायला बोलावलं, पण लाजेने त्याने मान हलवून नाही म्हटलं. थोड्या वेळाने एक लहान मुलगी पानांत गुंडाळलेलं अन्न त्याच्या दाराशी ठेवून निघून गेली. सुधारलेल्या देशातून आपण यांच्याकडे आलो आणि रानटी ठरलो ते आपणच, असं काहीतरी त्याला त्या दिवशी वाटलं. ही समज त्याला आली, पण ती टिकली नाही.

आणि मग दुखणं. पहिल्या काही महिन्यांतच त्याला रक्ताच्या गुळण्या येऊ लागल्या. पापीतेच्या इस्पितळात दाखल झाला. रोजचा खर्च बारा फ्रँक. आता तो चौदाचा आकडा आठवा. एका महिन्यात जगायचं जे बजेट होतं, ते इस्पितळाच्या सव्वा दिवसातच संपत होतं. परवडेना म्हणून पूर्ण बरा न होताच तो बाहेर पडला.

रंग आणि कॅनव्हास फ्रान्सहून मागवावे लागत. पत्र जायला दोन महिने, उत्तर यायला तेवढेच. मित्रांकडे अडकलेले पैसे येतील म्हणून तो महिन्याच्या जहाजाकडे डोळे लावून बसे, आणि जहाज कोरडंच येई. कॅनव्हास संपला की पोत्यासारख्या जाड्याभरड्या कापडावर तो चित्र काढी, रंग पातळ लावी. आज म्युझियममध्ये त्या खरखरीत पोताचं जे कौतुक होतं, त्यात निम्मी कला आणि निम्मी तंगी आहे. १८९२ च्या मध्यावर त्याच्याकडे पन्नास फ्रँकसुद्धा उरले नव्हते. एका जहाजाच्या कप्तानाने पोर्ट्रेटसाठी आगाऊ चारशे फ्रँक दिले, तेव्हा थोडे दिवस निभावले. तोवर त्याने सरकारकडे अर्ज करून टाकला होता, मला परत घेऊन चला. कफल्लक नागरिक म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गोगँच्या रोमँटिक कहाण्यांत ती गोड करून सांगतात. मातायेआत असताना बेटाच्या दुसऱ्या बाजूला फिरायला गेला असता त्याने तेहामाना नावाच्या मुलीला घरी आणलं. वय, त्याच्याच लिहिण्याप्रमाणे, तेराच्या आसपास. तो त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा, युरोपात लग्नाची बायको. आज आपण याला काय म्हणू, ते वेगळं लिहायला नको. त्या काळाच्या वसाहतीत गोऱ्या पुरुषाला ते चालून जाई, एवढंच. पण खर्चाच्या हिशेबातही ही नोंद येते. मुलगी घरात आल्यावर मासे येऊ लागले, फळं येऊ लागली, तिचे नातलग ये-जा करू लागले. जे पैशाने मिळत नव्हतं, ते नात्याने मिळालं. ते नातं कसं जोडलं, याची किंमत त्या पोरीने दिली. आणि दोन वर्षांत जहाज आलं, तेव्हा तो तिला मागे ठेवून निघून गेला.

३० ऑगस्ट १८९३ ला तो मार्सेयला उतरला. खिशात चार फ्रँक होते. सामानात साठाहून जास्त चित्रं. नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या नावाजलेल्या द्युराँ-र्‍युएल गॅलरीत प्रदर्शन झालं. चाळिसावर चित्रं मांडली, अकरा गेली. १८९२ मध्ये काढलेलं, तू कधी लग्न करणार या अर्थाच्या ताहितियन नावाचं चित्र त्याने सगळ्यांत महाग ठेवलं होतं. १५०० फ्रँक. गिऱ्हाईकच आलं नाही. अलीकडे २०१५ साली त्याचा खासगी सौदा झाला. आधी तीस कोटी डॉलरची बातमी पसरली, मग कोर्टकज्ज्यातून कळलं की एकवीस कोटीच होते. एकवीस कोटीच!

नेमका त्याच सुमारास काका वारला आणि गोगँला वारसाहक्काने बरीच मोठी रक्कम मिळाली. कोपनहेगनमध्ये दोन वर्षं शिकवण्या करून, त्याची चित्रं विकून, प्रदर्शन भरवून पाच मुलं सांभाळणाऱ्या मेतला वाटलं, आता तरी. तिच्या वाट्याला जेमतेम दीड हजार फ्रँक आले. बाकीच्या पैशांत त्याने पॅरिसमध्ये स्टुडिओ घेतला, भिंती पिवळ्याजर्द रंगवल्या, आना नावाची मुलगी सोबत ठेवली आणि माकडही पाळलं. १८९४ मध्ये ब्रिटनीत खलाशांशी मारामारी होऊन त्याचा घोटा मोडला, तो कायमचा दुखता राहिला. तो अंथरुणाला खिळलेला असताना आना पॅरिसला गेली आणि स्टुडिओतलं विकण्यासारखं सगळं घेऊन पसार झाली. चित्रांना मात्र तिने हात लावला नाही. बाजारभाव तिला बरोबर कळला होता.

पुढच्या वर्षीचा लिलाव सपशेल पडला, बहुतेक चित्रं त्याला स्वतःच परत घ्यावी लागली. तरी १८९५ च्या जुलैमध्ये तो पुन्हा ताहितीला निघाला. आता मात्र त्याला सगळं माहीत होतं. चिनी दुकान, इस्पितळाचा दर, रिकामं येणारं जहाज. माहीत असून माणूस परत का जातो, हा प्रश्न मला त्याच्या सगळ्या चित्रांपेक्षा जास्त छळतो. पॅरिसमध्ये हरलेल्या माणसाला लांब जाणं सोपं वाटतं, हे एक उत्तर. दुसरं उत्तर असं, की बेटावर त्याची सगळ्यांत चांगली चित्रं झाली होती आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही खरी असावीत.

या वेळी पुनाआउइयाला त्याने भाड्याच्या जमिनीवर घर बांधलं. जमीनमालक मेला, वारसांनी जागा विकली, याला उठावं लागलं. मग कर्ज काढून नवी जागा, नवं घर. बेटावर राहून कर्जाचे हप्ते! पायावरच्या जखमा चिघळत होत्या. १८९६ मध्ये इस्पितळातून तो बिल न भरताच बाहेर पडला. १८९७ च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कहून पत्र आलं. त्याची लाडकी लेक आलीन जानेवारीतच न्यूमोनियाने गेली होती, विशीही ओलांडली नव्हती. तिच्या मरणाची बातमीसुद्धा जहाजाच्या वेळापत्रकाने आली. त्याच वर्षी मेतशी पत्रव्यवहार कायमचा तुटला. वर्षाच्या अखेरीस गोणपाटावर त्याने पावणेचार मीटर लांबीचं ते प्रचंड चित्र काढलं, आपण कुठून आलो, कोण आहोत, कुठे चाललो आहोत असं विचारणारं. ते झाल्यावर डोंगरात जाऊन आर्सेनिक खाल्लं, असं त्याने मित्राला कळवलं. ओकारी झाली, वाचला.

वाचला, तर देणी तशीच होती. १८९८ मध्ये त्याने पापीतेच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायची नोकरी धरली. रोज सहा फ्रँक. बारा वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये पोस्टर चिकटवायचे पाच मिळत होते. अर्धी पृथ्वी ओलांडून, संसार मोडून, एक फ्रँकची पगारवाढ!

पैशांची थोडी शाश्वती आली ती १९०० साली. आम्ब्रुआझ व्होलार या पॅरिसच्या चतुर व्यापाऱ्याने करार केला, महिना ३०० फ्रँक आगाऊ, बदल्यात ठरलेली चित्रं. तीस वर्षांच्या गणितातल्या महिन्यापेक्षा ही रक्कम वीसपट. पुरायला हवी होती ना? गोगँला वाटलं, ताहितीच महाग झालंय. आणखी लांब गेलं पाहिजे. पुनाआउइयाचं घर साडेचार हजारांना विकून सप्टेंबर १९०१ मध्ये तो मार्केसास द्वीपसमूहातल्या हिवा ओआ बेटावर पोचला. तिथे खाणं स्वस्त, मॉडेल स्वस्त, असा पुन्हा तोच जुना हिशेब.

आतुओना गावातली मोक्याची जागा कॅथलिक मिशनच्या ताब्यात होती. मग चर्चवर एरवी तुटून पडणारा हा गृहस्थ रोज सकाळी प्रार्थनेला जाऊ लागला. बिशपसाहेब विरघळले, ६५० फ्रँकला जागा मिळाली. कागद हातात पडले आणि प्रार्थना बंद! दुमजली घर उठलं, कोरलेल्या चौकटीवर मौजेचं घर अशा अर्थाची अक्षरं झळकली. एका अमेरिकन माणसाच्या दुकानातून वारुणी, रम, डबे उधारीवर येऊ लागले. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या व्हाएओहोला त्याने घरात आणलं, आणि तिच्या आईबापांना दुकानातून कापड, फिती आणि शिलाई मशीन दिलं. तेहामानाची नोंद कुठल्याच वहीत नाही. हिची निदान दुकानदाराच्या खात्यावर झाली. वर्षभरात ती बाळंतपणासाठी माहेरी गेली, मुलगी झाली.

या शेवटच्या दोन वर्षांत त्याने एक वेगळंही काम केलं. मार्केसासचे लोक गोऱ्यांनी आणलेल्या रोगांनी आधीच भराभर मरत होते, वर कर आणि शिपायांची दंडेली. गोगँने कर द्यायचं नाकारलं आणि गावकऱ्यांनाही देऊ नका म्हणून सांगितलं. लांबच्या गावातल्या मुलांना मिशनच्या शाळेत पाठवायची सक्ती कायद्यात बसत नाही, हे त्याने लोकांना समजावून सांगितलं. यात त्याची तळमळ किती आणि कर चुकवायची सोय किती, यावर वाद घालता येईल. शाळेतून मुली बाहेर पडण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ होताच. पण शिपायावर लेखी आरोप करायची धमक त्याने दाखवली. त्या आरोपाबद्दल १९०३ च्या मार्चमध्ये त्याला तीन महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. अपिलाची तयारी चालू असताना ८ मे रोजी तो घरातच मेला. वय चोपन्न.

सरकारी अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे वरती कळवलं. मयताची देणी येण्यापेक्षा जास्त निघतील, कारण मागे राहिलेल्या चित्रांना गिऱ्हाईक मिळणं कठीण आहे.

सप्टेंबरात पापीतेला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. व्हिक्तोर सेगालेन हा नौदलातला तरुण डॉक्टर नेमका तिथे होता. एक चित्र लिलाववाल्याने उलटं धरलं आणि नायगारा धबधबा म्हणून पुकारलं. लोक हसले. ते ब्रिटनीतल्या गावाचं चित्र होतं, छपरांवर बर्फ पडलेलं. इतक्या उकाड्यात त्याने ते जवळ बाळगलं होतं. सेगालेनने ते सात फ्रँकला घेतलं. आता ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, सुलटं.

आतुओनाच्या घराशेजारी त्याची विहीर होती. ती बुजली होती, २००० साली उकरली. आत दारूच्या बाटल्या निघाल्या, अत्तराची कुपी, फुटकी भांडी, मॉर्फीनच्या कुप्या आणि सिरिंज, काचेच्या बरणीत ठेवलेले माणसाचे किडके दात. दात सोडले तर बहुतेक सगळं जहाजातून आलेलं, आणि त्यातलं बरंचसं उधारीवर.